एकाच बॅचमध्ये चार पॉझिटिव्ह, तीन उशिरा आलेले: टीबी कल्चरमधलं क्रॉस-कंटॅमिनेशन तुम्ही कसं पकडता?

निळी शाई
नमस्कार मंडळी. मी टीबी कल्चर लॅबमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून तपासायची लॅब) टेक्निशियन आहे, थेट मुद्द्यावर येतो कारण दोन रिपोर्ट माझ्या टेबलावर अडकलेत आणि वरून विचारणा सुरू झालीय.

एका बॅचमध्ये १४ थुंकीचे नमुने होते. ५ नंबर स्मिअरला (काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर) ३+ म्हणजे भरपूर जंतू, एमजीआयटीमध्ये (द्रव माध्यम, वाढ मशीन टिपतं) सहाव्याच दिवशी फ्लॅग झाला म्हणजे पॉझिटिव्ह दाखवला, त्यात काही शंका नाही. पण त्यानंतर ६ नंबर १९व्या दिवशी, ७ नंबर २२व्या दिवशी आणि ९ नंबर २४व्या दिवशी पॉझिटिव्ह आला. तिघंही स्मिअरला निगेटिव्ह. झेडएनचा रंग देऊन पाहिलं, दोरखंडासारखे गुंते दिसतात, ब्लड अगारवर काही उगवलं नाही म्हणजे इतर जंतू नाहीत, टीबीचा जंतू ओळखणारी एमपीटी ६४ ची पट्टी तिन्हींची पॉझिटिव्ह. म्हणजे टीबीचाच जंतू आहे. निगेटिव्ह कंट्रोल (जंतू नसलेली पडताळणीची ट्यूब) स्वच्छ आहे.

६ नंबरचा रिपोर्ट तेव्हाच गेला. ७ आणि ९ आल्यावर मात्र माझा हात थांबला. वरिष्ठ म्हणतात पट्टी पॉझिटिव्ह आहे, कंट्रोल निगेटिव्ह आहे, मग अडवून काय ठेवतोस. मला पटत नाहीये. तुम्ही असता तर काय पाहिलं असतं?

पिपेट
पहिला प्रश्न, निगेटिव्ह कंट्रोल बॅचमध्ये कुठे ठेवता? सुरुवातीला की शेवटी? आणि बफर, म्हणजे नमुना पातळ करायचं द्रावण, कसा घालता?

निळी शाई
कंट्रोल सगळ्यात आधी, पूर्वीपासून तसंच चालत आलंय. बफर ५०० मिलीच्या बाटलीतून थेट ओततो, ट्यूबच्या ५०च्या खुणेपर्यंत.

पिपेट
मग तुमचा कंट्रोल स्वच्छ येणारच हो! ५ नंबर उघडायच्या आधीच त्याचं झाकण लागलेलं होतं, पुढे जे झालं ते त्याला कळणार कसं? तो फक्त एवढंच सांगतो की बॅच सुरू करताना बाटलीतला बफर ठीक होता. कंट्रोल शेवटी ठेवायचा, सगळ्या नमुन्यांनंतर, त्याच बाटल्या वापरून. आमच्याकडे दोन ठेवतात, एक मध्ये आणि एक अखेरीस. स्टँडर्ड स्ट्रेनचा पॉझिटिव्ह कंट्रोल असेल तर तो त्याच्याही नंतर.

आता बाटलीचं सांगतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ओतताना बाटलीचा गळा ट्यूबच्या काठाला नुसता टेकतो, ऐकू येईल न येईल असा टिक् आवाज होतो बस. ट्यूबच्या काठावर नमुन्याची ओल असतेच, व्होर्टेक्सवर घुसळल्यावर तर नक्कीच. ती ओल बाटलीच्या गळ्याला लागते आणि पुढच्या ट्यूबमध्ये बफरबरोबर उतरते. ३+ थुंकीत मिलीला लाखांनी जंतू असू शकतात आणि कल्चर उगवायला मिलीला १० ते १०० पुरतात. स्मिअरला दिसायला मात्र ५ ते १० हजार लागतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबाने पुढचा नमुना कल्चर पॉझिटिव्ह होतो आणि स्मिअर निगेटिव्हच राहतो, तुमचं चित्र हेच आहे.

आणि दिवस बघा, ६ ला १९, ७ ला २२. गळा धुतला जातोय तसतसे जंतू कमी होतायत, म्हणून फ्लॅग उशिरा.

रानवारा
मी या क्षेत्रातला नाही पण वडिलांच्या रिपोर्टवर एकदा "कंटॅमिनेटेड, नमुना पुन्हा द्या" असं आलं होतं. म्हणजे तेव्हा दुसऱ्याचे जंतू त्यांच्या नमुन्यात गेले होते का? तेव्हापासून मनात आहे.

अबोली२७
नाही रानवारा, ते वेगळं. शब्द एकच वापरतात म्हणून घोळ होतो.

थुंकी तोंडातून येते, तोंडात इतर जंतू भरपूर. साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात आणि टीबीच्या जंतूला दुप्पट व्हायला १८ ते २४ तास लागतात. म्हणून कल्चरला घालायच्या आधी कॉस्टिक सोडा आणि कफ पातळ करणारं एनएएलसी घालून बाकीचे मारतात, टीबीचा जंतू मेणचट कवचामुळे तग धरतो. तरी एखादा दुसरा जंतू वाचला की तो माध्यम खाऊन टाकतो, ट्यूब गढूळ होते आणि वडिलांना आला तसा रिपोर्ट येतो. त्यात नुकसान वेळेचं होतं, पण रिपोर्ट खोटा नसतो. लॅबने सरळ सांगितलं की वाचता आलं नाही.

निळी शाईंचा प्रश्न आहे तो एका रुग्णाचे टीबीचे जंतू दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये जाण्याचा. तिथे ट्यूब गढूळ होत नाही, पट्टी पॉझिटिव्ह येते, सगळं अगदी नीटनेटकं दिसतं. म्हणून ते जास्त घातक.

जाता जाता, पहिल्या प्रकारचं प्रमाण शून्य असणं चांगलं असं बऱ्याच नव्या मुलांना वाटतं. तसं नाही. एलजेवर (अंड्याचं घट्ट माध्यम) ३ ते ५ टक्के, एमजीआयटीमध्ये ८ ते १० टक्क्यांपर्यंत चालतं. एलजेवर दोनच्याही खाली गेलं तर समजा सोडा जास्त कडक झालाय किंवा २० मिनिटांच्या वर ठेवला जातोय आणि टीबीचे जंतूही मरतायत.

रानवारा
खूप आभार अबोली. इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. वाचतोय पुढे.

दवबिंदू
मी सहसा फक्त वाचते पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. निळी शाई, तुमचा हात थांबला ना, त्यासाठी मनापासून धन्यवाद.

मला दोन महिने खोकला होता, एक्स-रे साफ, तीन नमुन्यांपैकी दोन निगेटिव्ह आणि एक महिन्याभराने पॉझिटिव्ह. औषधं सुरू झाली. सकाळी लघवी केशरी दिसायची तेव्हा पोटात गोळा यायचा, रिफाम्पिसिनने होतं ते माहीत असूनही. सहाव्या आठवड्यात मळमळ इतकी वाढली की पाण्याचा वासही नको, डोळे पिवळे झाले, लिव्हरचे आकडे चढले म्हणून औषधं थांबवली. मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवत होते, ती दाराबाहेरून विचारायची, आई आज तरी जवळ येऊ का. तिचीही तपासणी झाली, घरातल्या सगळ्यांची झाली.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी लॅबला पत्र लिहून त्या दिवशीची यादी मागवली, तेव्हा कळलं की माझ्या आधीचा नमुना जोरदार पॉझिटिव्ह होता. पुढे जंतूचा ठसा, म्हणजे डीएनएवरची ओळख, त्या नमुन्याशी जुळला, तो जंतू माझा नव्हताच. कुठली लॅब ते लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मुद्दाम केलं नाही हे मला माहीत आहे. पण एक यादी आधी कोणी पाहिली असती तर?

पिपेट
दवबिंदू, वाचून गलबलून आलं. तब्येत आता बरी आहे ना?

दवबिंदू
हो, पूर्ण बरी. खोकला दम्याचा निघाला.

उशिराची ओपीडी
दवबिंदूताईंच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका. मी टीबीचे रुग्ण रोज बघतो आणि उशिरा आलेला एकटा पॉझिटिव्ह म्हणजे कंटॅमिनेशन ही सवय लॅबला लागली तर मला त्याची जास्त भीती वाटते. एचआयव्ही असलेला रुग्ण, लहान मूल, मणक्याचा किंवा फुफ्फुसाच्या आवरणाचा टीबी, यांच्यात मुळातच जंतू कमी असतात. त्यांचा कल्चर उशिराच येतो, स्मिअर निगेटिव्हच असतो आणि तीनपैकी एकच नमुना पॉझिटिव्ह येऊ शकतो. असा रिपोर्ट लॅबने संशय म्हणून दाबून ठेवला आणि माणूस दोन महिन्यांनी मेंदूज्वर घेऊन आला तर?

माझं म्हणणं, रिपोर्ट अडवू नका. फोन करा. "पॉझिटिव्ह आलाय, पण याच बॅचमध्ये जोरदार पॉझिटिव्ह नमुना होता, तुम्हाला रुग्णात काय दिसतंय" एवढं विचारा. रुग्ण माझ्यासमोर बसलाय, मला सांगता येईल.

अबोली२७
फोनचं शंभर टक्के मान्य डॉक्टर. पण ही दुर्मिळ गोष्ट आहे असा सूर नको. २००० साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता, त्यात शंभराहून जास्त रुग्ण असलेले १४ अभ्यास होते आणि १३ मध्ये खोटे पॉझिटिव्ह सापडले, मध्यक प्रमाण ३.१ टक्के. त्या आढाव्यातल्या खोटा पॉझिटिव्ह आलेल्या २३६ रुग्णांपैकी १५८ जणांना औषधं दिली गेली होती. म्हणजे तिघांतल्या दोघांना! फोन दोन्ही बाजूंनी होत नाही म्हणूनच ना हे.

उशिराची ओपीडी
दोन तृतीयांश हे खरंच अस्वस्थ करणारं आहे. मान्य, आमच्या बाजूनेही छापील कागदावर फार विसंबलं जातं.

निळी शाई, एक विचारायचं राहिलं. ८ नंबरचं काय? ६, ७ आणि मग एकदम ९?

निळी शाई
८ अजून निगेटिव्ह, ३५वा दिवस आज. १० ते १४ पण निगेटिव्ह.

उशिराची ओपीडी
मग ९ वेगळा ठेवा. गळा धुतला जात गेला म्हणता तर ८ कोरडा राहून ९ का भिजेल?

पिपेट
उडी मारून जाऊ शकतं डॉक्टर, थेंब उडतो, सेंट्रिफ्यूजमध्ये गळती होते, वरचं पाणी ओतून टाकताना टाकाऊच्या डब्यातून शिंतोडा येतो. सेंट्रिफ्यूजमध्ये कोण कोणाशेजारी होतं ते पाहावं लागेल. पण मुद्दा चांगला काढलात, माझ्या लक्षात आला नव्हता.

तिसरा मजला
आयडी पिपेट आणि सगळा आरोप बाटलीवर, ही घरच्यांची बाजू घेणं झालं :)

थोडं अवांतर, पण स्मिअरमध्येही हे होतं. आमच्याकडे एकदा महिनाभर "तुरळक" ग्रेडचे स्मिअर अचानक वाढले, शंभर फील्डमध्ये दोन-तीन जंतू, कल्चर मात्र निगेटिव्ह. सगळे हैराण. शेवटी एका ताईंनी नवीकोरी काच घेतली, त्यावर काहीच न लावता नुसता रंग करून पाहिली आणि जंतू दिसले! डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये कोणीतरी नळाचं पाणी भरत होतं. पाण्यातले मायकोबॅक्टेरिया, आम्लाला न जुमानणारे, मायक्रोस्कोपखाली हुबेहूब तसेच. तेव्हापासून रंगाचा नवा लॉट उघडला की कोरी काच आधी.

शिवाय काचा एका भांड्यात बुडवून रंगवू नयेत, रॅकवर सुट्या ठेवून रंगवाव्यात आणि तेलाची दांडी काचेला टेकू नये, वरून थेंब सोडावा. एका काचेचे जंतू तेलाबरोबर पुढच्या काचेवर जातात.

कार्ट्रिजवाली
जीनएक्सपर्टवाल्यांनी (डीएनएवरून टीबी शोधणारं मशीन) "आमचं बंद कार्ट्रिज आहे, आम्हाला काय" म्हणू नये. कार्ट्रिज बंद आहे हे खरं, आतून बाहेर सहसा काही येत नाही, पण कार्ट्रिजमध्ये नमुना भरेपर्यंत सगळं उघडंच असतं ना! दोन कार्ट्रिजची झाकणं एकदम उघडी ठेवली, ग्लोव्हला लागलेला नमुना बारकोडला पुसला, इथेच गडबड होते. त्यात अल्ट्रा हे नवं कार्ट्रिज आलं, ते मिलीला १५-२० जंतूही पकडतं, जुन्याला शंभराच्या वर लागायचे. चाचणी जितकी तीक्ष्ण तितकं आपलं सांडलेलं लवकर पकडते. मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा चालतो तिला, त्यामुळे नुसता अल्कोहोलने टेबल पुसून भागत नाही. आधी हायपोक्लोराइट, थांबायचं, मग ७० टक्के अल्कोहोल.

आम्ही महिन्यातून एकदा पुसून-चाचणी करतो. ओला स्वॅब टेबल, कॅबिनेटचा तळ, मशीनच्या मोड्यूलची दारं यांवरून फिरवायचा, बफरमध्ये झटकायचा आणि तो नमुना समजून कार्ट्रिजला लावायचा. एकदा पॉझिटिव्ह आला होता. कुठून? पेनावरून! कॅबिनेटजवळ ठेवलेलं मार्कर पेन, ग्लोव्ह घालून सगळे तेच उचलायचे.

आणखी एक, आम्ही पॉझिटिव्हचं प्रमाण आठवड्याला वहीत लिहितो. "ट्रेस" (अगदी थोडा डीएनए सापडलेले) अचानक वाढले की पहिला संशय स्वतःवर, मग साथीवर.

अबोली२७
पेन! आमच्याकडे उद्याच बघते.

लाइन प्रोबवाल्यांसाठी (जंतूचा डीएनए पट्टीवर ओळखायची चाचणी) भर: तिथे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणं, झाल्यावर ट्यूब उघडावी लागते, त्यात तुकड्यांच्या कोट्यवधी प्रती असतात. म्हणून मिश्रण करायची, डीएनए घालायची आणि पट्टी उमटवायची जागा वेगवेगळी, आणि माणसाने उलटं फिरायचं नाही. निगेटिव्ह कंट्रोलच्या पट्टीवर टीबीची रेघ दिसली तर अख्खा रन रद्द, त्यात "फिकट आहे हो" चालत नाही.

धागेदोरे
मूळ प्रश्नाकडे येऊ का? निळी शाई, संशय कितीही घेतला तरी खात्री जंतूच्या ठशानेच होते. चारही आयसोलेट (कल्चरमध्ये वाढलेले जंतू) जपून ठेवा आणि रेफरन्स लॅबला पाठवा.

स्पोलिगोटायपिंग या ठसा काढायच्या एकट्या पद्धतीवर विसंबू नका. एखाद्या भागात एकाच घराण्याचे जंतू जास्त असतील, बीजिंग म्हणा, तर दोन अनोळखी रुग्णांचा ठसाही सारखाच येतो. डीएनएतल्या २४ जागा तपासणारं मिरू-व्हीएनटीआर चांगलं आणि संपूर्ण जिनोम काढून मिळाला तर उत्तमच. कंटॅमिनेशन असेल तर दोन जिनोममध्ये फरक जवळपास शून्य असतो.

पण शून्य फरक म्हणजे कंटॅमिनेशनच असंही नाही. ५ आणि ६ एका घरातले, एका वॉर्डातले असतील तर खरी लागणही तशीच दिसते. म्हणून दोघांची कधी गाठ पडली होती का हे आधी विचारा. औषधांचा रेझिस्टन्स पॅटर्नही जुळवून बघा. ५ नंबर आयएनएच (आयसोनियाझिड हे टीबीचं औषध) रेझिस्टंट असेल आणि ६ ही, तर आधीच सुगावा लागेल. आणि ठसा एच३७आरव्ही या स्टँडर्ड स्ट्रेनचा आला तर प्रश्नच मिटला, तो १९०५ मध्ये एका रुग्णाकडून घेतलेल्या आणि तेव्हापासून लॅबमध्येच वाढवत आणलेल्या जंतूचा वंशज आहे, रुग्णात यायचं त्याला कारणच नाही. म्हणजे तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल सांडला.

निळी शाई
सगळ्यांचे आभार, कामाला लागलो. ५ नंबर आयएनएच रेझिस्टंट आहे. बाकी तिघांच्या औषधचाचण्या लावल्यात. फ्रीजमध्ये त्या बॅचचे उरलेले गाळ (सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेला नमुना) आहेत, त्यातून पुन्हा कल्चर लावू का?

पिपेट
गाळातून लावून उपयोग नाही. बफर ओततानाच शिरलं असेल तर गाळातही आहेच, पुन्हा पॉझिटिव्हच येईल आणि वरिष्ठ म्हणतील बघ, खरं निघालं. प्रक्रिया न केलेली मूळ थुंकी उरली असेल तर ती लावा, नाहीतर नवा नमुना मागा.

उशिराची ओपीडी
आणि ६ नंबरची औषधं सुरू झाली असतील तर नवा नमुना निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका, औषधानेही निगेटिव्ह येतो.

निळी शाई
बरोबर, ६ ची औषधं सुरू होऊन नऊ दिवस झालेत. त्यांच्या डॉक्टरांशी आज बोललो. ते म्हणाले रुग्णाला ताप नाही, वजन घटलेलं नाही, एक्स-रे स्वच्छ, मलाही कोडंच होतं. ७ आणि ९ च्या डॉक्टरांनाही फोन केले. ९ चे डॉक्टर म्हणाले उजव्या बाजूला वर सावली आहे, रात्री घाम येतो, लगेच नमुना पाठवतो. वरिष्ठांना हा धागा दाखवला, त्यांनी पूर्ण वाचला आणि आयसोलेट पाठवायच्या पत्रावर सही केली.

दवबिंदू
६ नंबरच्या घरी कोणी लहान असेल तर त्यांना लवकर कळू दे.

तिसरा मजला
वाचनखूण ठेवली. कळवत राहा.

निळी शाई
खूप दिवसांनी धागा वर आणतोय.

६ आणि ७ दोन्ही आयएनएच रेझिस्टंट आले, ५ सारखेच. ९ सगळ्या औषधांना सेन्सिटिव्ह. काल ठसे आले. ५, ६, ७ चोवीसच्या चोवीस जागी तंतोतंत सारखे. तिघं वेगवेगळ्या ठिकाणचे, एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, फक्त आमच्या रॅकमध्ये शेजारी होते. ९ चा ठसा पूर्ण वेगळा.

७ चे नवे तीनही नमुने ४२ दिवस पूर्ण होऊन निगेटिव्ह. ६ ची औषधं ठसा हातात येताच थांबवली, दुरुस्त रिपोर्ट मी स्वतः नेऊन दिला. त्या बाई फार काही बोलल्या नाहीत, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, म्हणजे नातवाला घेऊ शकते ना.

उशिराची ओपीडी
आणि ९?

निळी शाई
तुम्ही "९ वेगळा ठेवा" म्हणाला नसता तर मी तिघांनाही एकाच शिक्क्याने बाद केलं असतं डॉक्टर. ९ चा दुसरा नमुना १७व्या दिवशी फ्लॅग झाला, त्यांची औषधं सुरू आहेत, घाम थांबलाय म्हणे.

५०० ची बाटली बंद केली. आता प्रत्येक नमुन्याला बफरची वेगळी छोटी ट्यूब, एका वेळी एकच झाकण उघडं आणि कंट्रोल शेवटी.

कार्ट्रिजवाली
आणि पेन?

निळी शाई
कॅबिनेटचं वेगळं, दोऱ्याने बांधलंय.